शेपटं जुळवणारा हवालदार

परवा चाकणच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मी भरल्या पानावरून उठलो. भरल्या पानावरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं, हे मला कळतं. तरी उठलो. यजमान बिचारे हात जोडून मागे धावले, "मास्तर, काय चुकलं आमचं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बुफेच्या दिवसांत त्यांनी हौसेनं खाली बसून जेवायची पंगत मांडली होती. चुकलं होतं माझ्या समोरच्या ओळीतल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाचं. जिलेबी येईपर्यंत करमणूक म्हणून त्यानं 'तुर्की हवालदारा'ची नक्कल केली. हवेत बैलाची शेपटी पिरगाळल्यासारखा हात केला, डोळे वटारले आणि ओरडला, "ली! लिक! लिकॉस!" अख्खी पंगत खदखदून हसली. वाढपी हातातलं ताट सांभाळत हसले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गृहस्थानं हवालदाराला जन्मात पाहिलेलं नव्हतं. बापानं केलेली नक्कल त्यानं पाहिली होती, आणि शेजारी बसलेला त्याचा मुलगा आता ती शिकत होता. आणि नक्कल केली ती कुठं, तर पंगतीत! ज्या माणसाला या पंचक्रोशीनं उभ्या हयातीत पंगतीला बसू दिलं नाही, त्याला त्याच्या माघारी पंगतीत आणून बसवला, तोही हसायला. आता माझीही लाकडं मसणात गेली आहेत. मी गेल्यावर ती नक्कल तेवढी उरेल. म्हणून हे लिहायला घेतलं.

शिदोजी हवालदार मूळचे निघोज्याचे. खरं तर पलटणीत ते नाईक होते. हवालदारकी गावानं परस्पर देऊन टाकलेली. मी पन्नासच्या दशकाच्या मध्याला साताऱ्याहून चाकणच्या शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायला आलो तेव्हा ते तिथं कवायत घेत. साठीला टेकलेला उंच, वाळका माणूस. खाली धोतर, वर पितळी बटणांचा खाकी कोट आणि पायांत मोज्यांशिवाय बूट. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आवाज मात्र काळाभोर होता. रोज सकाळी निघोज्याहून चालत येत, आणि एकटे असले तरी पाय कवायतीच्या तालावर टाकत. शेतात वाकलेल्या बाया तेवढ्यावरून शाळेची वेळ ओळखत.

पहिल्या दिवशी मी घामाघूम होऊन शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली टेकलो होतो. ते समोर येऊन उभे राहिले.

"कुठलं?"

"साताऱ्याचा."

"म्हंजे सातारली. मी निघोजेली. हेडमास्तर पुन्याचं, पुनेली. पानी पिनार?"

काही न समजून मी हो म्हटलं. त्यांनी खांद्यावरच्या पडशीतून एक पत्र्याचा मग काढला. जागोजागी चेपलेला, आणि पत्र्याच्या कानाऐवजी त्याला लाकडाचा कान बसवलेला. मी तोंड लावून घटाघटा प्यालो. मग परत दिला तेव्हा ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी काहीतरी मोठं काम केलं आहे. शिक्षकांच्या खोलीत शिरलो तर बोलणी थांबली. शाळेच्या कारकुनानं मला बाजूला घेतलं आणि कुजबुजला, "अहो, त्याच्या मगातून प्यालात? तोंड लावून? तो बाटलेला आहे हो!"

त्या दिवशी मला सगळी हकीकत कळली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर शिदोजी मेसापोटेमियात गेले आणि कूतच्या वेढ्यात सापडले. दाणा संपला, लोक गवत शिजवू लागले, शेवटी घोडे कापले. अखेर शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम आला आणि हजारो माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून पायी हाकलत त्यांना पार तुर्कस्तानातल्या तोरोसच्या डोंगरात नेलं, आगगाडीचे बोगदे खणायला. वाटेत माणसं माश्यांसारखी मेली. सुटका होऊन शिदोजी निघोज्याला परत आले तेव्हा भाऊकीनं गळामिठी मारायच्या आधी विचारलं, "घोडं खाल्लं का? तुर्काच्या हातचं पानी प्यालास का?" त्यांनी सरळ सांगितलं, "व्हय. घोडं खाल्लं. पानी बी प्यालो." मग भाऊकीनं निकाल दिला: नदीवर जाऊन प्रायश्चित्त घ्यायचं, पंचगव्य प्यायचं, भाऊकीला जेवण घालायचं, की झालं. इतर गावांतल्या परत आलेल्या शिपायांनी ते मुकाट्यानं केलं आणि मोकळे झाले. शिदोजींनी साफ नाही म्हटलं. त्या दिवसापासून ते पंगतीबाहेर. शेतात चालत, औताला चालत, मढं उचलायला तर हक्कानं चालत. फक्त पाणी आणि पंगत यांना ते चालत नव्हते. त्यांना कुणी मुलगी दिली नाही. पाणी द्यायची वेळ आली तर बाया वरून त्यांच्या ओंजळीत धार सोडत. म्हणून ते स्वतःचा मग बाळगत.

या माणसाला राग नसता तरच नवल. पण त्यांचा राग भाऊकीवर तेवढा नव्हता, जेवढा त्यांच्या इंग्रज साहेबावर होता. "साहेबानं आमाला सांगितलं हत्यारं ठेवा, आमी ठेवली. मग साहेबाला तुर्कांनी समुद्रातल्या बेटावर बंगला दिला, आन् आमाला पहार दिली. मास्तर, इंग्रजी हुकूम मी आजून तोंडात घेत न्हाई."

यातूनच तो इन्स्पेक्टरचा प्रसंग घडला. पुण्याहून शाळातपासणीला एक साहेब आले. हेडमास्तरांनी मैदानावर खुर्ची टाकली. हवालदार पुढे झाले आणि गरजले, "हाझिरोल!" सगळी शाळा टाच जुळवून ताठ. "राहत!" शाळा सैल. "साआ दोन!" शाळा उजवीकडे वळली. "मार्श!" आणि चाकणच्या कांदे-बटाटेवाल्यांची, शेतकऱ्यांची पोरं तुर्की फौजेच्या हुकुमावर अशी देखणी चालली की मी बघत राहिलो. इन्स्पेक्टरसाहेबांनी हेडमास्तरांना विचारलं, "ही कोणती भाषा?" हेडमास्तर घाबरून म्हणाले, "संस्कृत असावी, साहेब." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

हवालदार मात्र स्वतःच पुढे येऊन म्हणाले, "तुर्की हाय साहेब. इंग्रजी आमी सोडली."

"मग हिंदीत द्या हुकूम. सरकारचं तसं परिपत्रक आहे."

"हिंदीत देतो की. पन पोरास्नी हे दुसरं बी यायला पायजे. उद्या कुनी धरून नेलं तर काय करतील?"

साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं. त्यानंतर शाळेत कवायत हिंदीत होऊ लागली आणि गावात हवालदाराचं नाव 'तुर्की हवालदार' पडलं.

आता त्या शेपटांबद्दल. बोगद्यावर शिदोजींच्या टोळीवर पहारा होता हसन नावाच्या तुर्की नाईकाचा. तो कोन्या शहराचा, म्हणून कोन्याली. त्याच टोळीत योर्गी नावाचा एक सुतार होता. तो जातीनं ग्रीक, पण त्याच मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेला. ख्रिस्ती म्हणून सरकारनं त्याच्या हाती बंदूक न देता फावडं दिलेलं. या दोघांकडून शिदोजी दोन्ही भाषा शिकले. पुस्तकातून नव्हे, शिव्या, भूक आणि दगड यांतून. आणि त्यांच्या डोक्यात एक भुंगा शिरला. नावाचं विशेषण करताना तुर्क शब्दाला मागून एक शेपूट लावतो, कधी ली, कधी लिक. मीठ म्हणजे 'तुझ', खारट म्हणजे 'तुझलू'. पाणी 'सू', पाणचट 'सुलू'. दिवस 'ग्युन', रोजचं ते 'ग्युनल्युक'. "शेपूट धडाकडं बघून आवाज बदलतं, मास्तर. कोन्याचा कोन्याली, पन तुझचा तुझलू. धड गोल, तर शेपूट गोल." ग्रीकही तेच करतो. त्याचं शेपूट 'इकॉस'. मित्र म्हणजे 'फिलॉस', मित्रत्वाचं ते 'फिलिकॉस'. पूर्वेचा मुलूख 'अनातोली', तिकडचं ते 'अनातोलिकॉस'.

"बघा!" हवालदार हवेत शेपूट धरून ओढत. "तुर्काचं लिक. ग्रीकाचं फि-लिक-ऑस. अनातो-लिक-ऑस. लिक, लिक! एकाच बैलाचं शेपूट हाय हे."

मी संस्कृतचा मास्तर. मला राहवेना. "हवालदार, त्या फिलिकॉसमधला ल मित्राचा आहे, शेपटाचा नाही. शेपूट नुसतं इकॉस. आणि ते आपल्या नगर-नागरिकमधल्या इकचं भावंड आहे, तुर्कांच्या लिकचं नव्हे. ग्रीक आणि संस्कृत एका घरच्या, तुर्की दुसऱ्या घरची."

झालं! हवालदारांचा तिळपापड झाला. "तुमी कूतला व्हता का? बोगद्यात व्हता का? पुस्तकात बघून मला सांगता ल कुनाचा ते!" दोन-चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी येऊन समोर उभे राहिले, कोर्टात पुरावा टाकावा तसे म्हणाले, "मेराकलीदिकॉस."

जो माणूस आपलं काम जीव ओतून, हौसेनं करतो त्याला तुर्क 'मेराकली' म्हणतो. योर्गीच्या मुलखातले लोक तोच तुर्की शब्द त्याच्या तुर्की शेपटासकट उचलत आणि त्याला मागून आपलंही शेपूट लावत. हौशी माणसाच्या हातची वस्तू, ती मेराकलीदिकॉस. "आता बोला. एका बैलाला दोन शेपटं. आदी तुर्काचं, मागं ग्रीकाचं. त्याचं ह्याला चालतंय, ह्याचं त्याला चालतंय. आन् तुमी म्हनता घर वेगळं."

मी म्हटलं, "उसनं घेतलं म्हणजे रक्ताचं नातं होत नाही."

"उसनं कोन कुनाला देतो? शेजारीच देतो ना?"

माझं मत मी आजही बदललेलं नाही. ती दोन शेपटं सख्खी नाहीत. हवालदार चुकत होते, आणि हट्टानं चुकत होते. पण मुद्दा शेपटांचा नव्हताच, हे मला बरंच नंतर कळलं. बोगद्यावर टायफसची साथ आली तेव्हा शिदोजी तापानं फणफणले. मेलेल्यांच्या रांगेत त्यांना टाकून दिलं होतं. हसननं स्वतःच्या मगातून त्यांना पाणी पाजलं. पहारेकऱ्यानं कैद्याला आपला मग देणं गुन्हा होता. वरच्या अंमलदारानं तो मग हिसकून दगडावर आपटला, त्यात त्याचा कान तुटला. योर्गीनं त्याला लाकडाचा कान बसवला आणि रात्रपाळी संपली की तोच मग घेऊन शिदोजींच्या उशाशी बसू लागला. ग्रीक आणि तुर्क एकमेकांच्या नरडीला लागले होते त्या दिवसांत या दोघांनी मिळून एका निघोजेकराला जगवला. तोच तो मग. आणि भाऊकी म्हणत होती, ते पाणी विटाळाचं होतं असं नदीत उभं राहून कबूल कर.

गणपतीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की हवालदाराचं व्याख्यान ठेवावं. 'तुर्कस्तानातील माझे अनुभव'. लोकांना जनानखान्याच्या गोष्टी हव्या होत्या, दुसरं काय! हवालदार कोटावर पदकं लावून आले आणि शेपटांवर बोलायला लागले. ली आलं, लिक आलं, लिकॉस आलं. हात हवेत शेपटं ओढू लागला. मंडपात खसखस पिकली. मागून एक जण ओरडला, "हवालदार, तुर्कानं तुमाला लावलेलं शेपूट दावा की!"

हसण्याचा एकच गदारोळ झाला. हवालदार थांबले. ते ओरडतील असं मला वाटलं. पण ते हळू बोलले, आणि त्यांचा हळू आवाज जास्त वाईट होता. "मशालची म्हनता का न्हाई तुमी? तोपची म्हनता का न्हाई? खजानची? हे मागचं 'ची' तुर्काचं हाय. रोज तोंडात घालून चघळता. तवा विटाळ व्हत न्हाई. तान्हेल्या मानसाच्या तोंडात पानी गेलं तर मात्र व्हतो." आणि खाली उतरून ते अंधारातून सरळ निघोज्याच्या वाटेला लागले. मंडपात कुणीतरी हवेत शेपूट ओढून दाखवलं आणि पुन्हा हशा. परवाच्या पंगतीतली नक्कल ती हीच. शेवटची चार वाक्यं तेवढी गाळलेली.

फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत सिंधी निर्वासित येऊन पडले होते, त्या वेळची एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. हवालदार बैलगाडीत पाण्याचं पिंप आणि भाकऱ्या घालून तिथं गेले. लोक त्या मगानं पाणी प्याले, कुणी कुणाची जात विचारली नाही. "योर्गीला बी आसंच उठवलं, मास्तर. लढाई झाल्यावर तिकडचं समदं ग्रीक समुद्रापार हाकललं म्हनं. बाप-आज्याची घरं सोडून. त्याला कुनी पानी दिलं का न्हाई, काय म्हाईत."

हवालदारांच्या घरात एकच माणूस होतं, तानू. भाऊ-भावजय पटकीत गेले तेव्हा रांगती असलेली ही पुतणी त्यांनी वाढवली. ती त्यांना तात्या म्हणे. चुलत्याच्याच मगानं पाणी पिऊन ती मोठी झाली. पोरीचं ताट-भांडं वेगळं असतं असं गाव मानत होतं. वेगळं काही नव्हतं आणि गावाला ते पक्कं ठाऊक होतं. पण आपल्याकडे असल्या ठिकाणी डोळ्यांवर कातडं ओढायची सोय असते. तानू रंगानं सावळी, जिभेची तिखट. हवालदारांना दम देणारी जगात तेवढी एकच. मी त्यांच्या घरी गेलो की म्हणायची, "मास्तर, शेपटाचं काडू नगा. मग तात्या जेवत न्हाईत आन् मला बी जेवू देत न्हाईत."

मामानं तिचं लग्न मोशीत ठरवलं. नवरदेव पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात लागलेला, पांढरा डगला घालून कामावर जाणारा. स्थळ सोन्यासारखं. याद्या झाल्या, सुपारी फुटली आणि मग नवरदेवाचे थोरले चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, यांनी हळूच खुसपट काढलं. कन्यादान करणारा माणूस बाटलेला नको. हवालदारांनी इंद्रायणीवर येऊन प्रायश्चित्त घ्यावं, नाहीतर मांडवात येऊ नये. ज्या घरातला मुलगा माणसं जगवायची औषधं करायला जात होता, त्या घरानं गोमूत्राचा आग्रह धरला होता! आणि तो मुलगा खाली मान घालून बसला होता. मला त्याच्या पांढऱ्या डगल्याचा आजही राग येतो.

तानू हवालदारांच्या पायाशी बसली. "तात्या, एक घोट हाय. डोळं मिटून घ्या. मला बापाच्या जागी तुमी पायजेल मांडवात."

हवालदार बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "घेतो."

मी हबकलो. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

मोशीच्या घाटावर सकाळी सगळे जमले. दोन्हीकडची भाऊकी, भटजी, न्हावी. मीही गेलो होतो. हवालदार कोट काढून कमरेइतक्या पाण्यात उतरले. न्हाव्यानं मिशी उतरवली. त्यांनी डुबक्या मारल्या. भटजींनी त्यांच्या ओंजळीत पंचगव्य घातलं. काठावर आबा मोठ्यानं म्हणाले, "घ्या हवालदार, झालं आता."

हवालदारांनी ओंजळ तोंडाजवळ नेली आणि थांबले. "भटजीबुवा, एक इचारू? हे प्यालं की अंगातलं काय जातं?"

"परक्याच्या हातचं अन्नपाणी पोटात गेलेलं असतं ना, त्याचा दोष जातो."

"म्हंजे हसनचं पानी जानार?"

"जाणार. निःशेष जाणार."

"मग मी मरंन की वो," हवालदार म्हणाले. चेष्टेनं नव्हे, खरोखर विचारात पडल्यासारखे. "त्याच पान्यावर जित्ता हाय मी. ते काडलं तर मागं ऱ्हातं काय?"

त्यांनी बोटं सैल केली. ओंजळीतलं सगळं हळूहळू इंद्रायणीत वाहून गेलं. ते काठावर आले, अंग न पुसता कोट घातला आणि चालू लागले. उतरलेल्या मिशीनं त्यांचा चेहरा उघडा पडला होता. आबा मागून तोंडाला येईल ते बोलत होते. मी त्या दिवशी आबांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही परत घ्यायची माझी इच्छा नाही.

लग्न झालं. कन्यादान मामानं केलं. हवालदार मांडवाबाहेर, बांधावरच्या बाभळीखाली पदकं लावून सावधान उभे होते. मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी तिथूनच अक्षता टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचायचं कारणच नव्हतं. पंगती उठल्या. त्यांना कुणीतरी केळीच्या पानात गुंडाळून जेवण नेऊन दिलं, ते त्यांनी बैलापुढे ठेवलं. पाठवणीच्या वेळी तानू सगळ्यांच्या पाया पडली आणि बाभळीपाशी येऊन थांबली. पाया पडली नाही. रडतही नव्हती.

"एक घोट, तात्या," ती म्हणाली. "परक्या मुलखातल्या दोन मानसांसाठी जलम घालवला. माझ्यासाठी एक घोट न्हाई झाला."

ती गाडीत जाऊन बसली.

मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता. आबांचा, भटजींचा, डगलेवाल्या नवरदेवाचा, आणि हवालदारांचाही. परतताना मी त्यांना म्हटलं, "घेतला असता घोट, तर कोण बघायला येणार होतं? हसन येणार होता की योर्गी?" ते चालता चालता म्हणाले, "कुनी येनार न्हवतं. म्हनून तर." आणि पायांचा ताल कधी नव्हे तो चुकला.

तानू पहिल्या सणाला आली नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. तिला मुलगी झाली ते हवालदारांना बाजारात कांदे घेऊन आलेल्या मोशीच्या एका गाडीवानाकडून कळलं. त्यांनी शेपटांचं नाव काढायचं सोडून दिलं. मी मुद्दाम एकदा खोडी काढली, "हवालदार, त्या फिलिकॉसमधला ल कुणाचा म्हणालात?" तर म्हणाले, "आसंल तुमी म्हनता त्याचा." मला वाटलं होतं मी जिंकल्यावर बरं वाटेल. मिशी पुन्हा वाढली, आवाज मात्र तसा राहिला नाही.

मग माझी साताऱ्याला बदलीची सोय झाली. निघायच्या दिवशी हवालदार मला पोचवायला चाकणच्या एस.टी. स्टँडवर आले. स्टँड म्हणजे काय, एक लिंब आणि त्याखाली पाण्याचा रांजण. मी गाडीत खिडकीपाशी बसलो होतो. हवालदार खाली उभे, हातात मग. मला वाटेसाठी तांब्यात पाणी भरून देत होते. तेवढ्यात राजगुरुनगरकडून दुसरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून तानू उतरली. कडेवर पोर. मागून पदर सावरत तिची सासू उतरली, आबांची सख्खी भावजय. कुठल्याशा नातलगाकडून परत मोशीला निघाल्या असाव्यात, पाण्यापुरत्या उतरल्या.

चुलत्या-पुतणीची नजरानजर झाली. हवालदारांनी मग पाठीमागे लपवला. सासूसमोर पोरीला अवघड होऊ नये म्हणून असणार. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर त्यांनी तो कधी लपवला नव्हता.

कडेवरची मुलगी उन्हानं लाल होऊन रडत होती. सासू म्हणाली, "चल, पुडं हाटेलात पानी घिऊ." तानू हलली नाही. सरळ हवालदारांपाशी गेली, त्यांच्या पाठीमागे हात घालून तो मग ओढून घेतला आणि भर स्टँडवर, शंभर डोळ्यांदेखत, तोंड लावून प्याली. मग तोच मग पोरीच्या तोंडाला लावला. पोरगी दोन्ही हातांनी तो लाकडी कान धरून प्यायली आणि रडायची थांबली. सासू "अगं... अगं तानू..." करत राहिली.

हवालदार एकदा तिच्याकडे, एकदा पोरीकडे बघत राहिले. माझी गाडी सुरू झाली होती. तानूनं रिकामा मग त्यांच्या छातीवर आपटावा तसा त्यांच्या हातात दिला.

"तोंड काय बघताय?" ती कडाडली. "राग गेला न्हाई माझा. भरा आजून."